बीज, वाफा आणि वही : एका फुलझाडाच्या निमित्ताने



दिवंगत गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी संयोजकांचा ऋणी आहे. स्मृतिव्याख्यानासाठी वक्ते सहसा भारदस्त विषय निवडतात. शिक्षण आणि समाज, भाषा आणि संस्कृती, असे ते विषय असतात. मी मात्र एका फुलझाडाचा विषय घेऊन आपल्यापुढे उभा आहे. आणि तेही असे फूल की जे आपल्या देवघरात नसते, अबोलीच्या फातीत नसते आणि दसऱ्याच्या तोरणातही नसते. इंग्रजीत त्याला स्नॅपड्रॅगन म्हणतात, शास्त्रीय नाव अँटिऱ्हिनम माजुस. आपल्याकडचे रोपवाटिकावाले त्याला 'डॉग फ्लॉवर' म्हणतात, आणि पोर्तुगीज भाषेत त्याचे एक नाव 'बोका द लोबू', म्हणजे लांडग्याचे तोंड, असे आहे. फुलाच्या दोन्ही गालांवर बोटांनी हलका दाब दिला की ते तोंड उघडते आणि सोडले की मिटते. तेव्हा ड्रॅगन म्हणा, कुत्रा म्हणा की लांडगा म्हणा, नाव ठेवणाऱ्यांचे निरीक्षण एकच होते.

या फुलाचा आणि शाळेचा संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. संबंध पाठ्यपुस्तकाचा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या प्रकरणात 'अपूर्ण प्रभाविता' शिकवण्यासाठी याच फुलाचे उदाहरण दिलेले आहे. तांबड्या फुलाच्या झाडाचा पांढऱ्या फुलाच्या झाडाशी संकर केला तर पहिल्या पिढीत सगळी फुले गुलाबी येतात; त्या गुलाबी झाडांच्या पुढच्या पिढीत एक भाग तांबडी, दोन भाग गुलाबी आणि एक भाग पांढरी येतात. हे १ : २ : १ चे प्रमाण विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत चौकोन आखून लिहितात आणि गुण मिळवतात. परंतु ते फूल हातात धरलेले विद्यार्थी किती असतील? ज्या फुलावर आपण गुण मिळवतो ते आपण पाहिलेले नसते, आणि पाहिले असले तरी बियांपासून वाढवलेले तर जवळजवळ कधीच नसते. आजचे माझे म्हणणे एवढेच आहे की ही उणीव आपल्या गावात, आपल्या मातीत, अगदी थोड्या खर्चात भरून काढता येते. आणि ती भरून काढताना फुलाबरोबर आणखीही काही आपल्या हाती लागते.

प्रथम या फुलाचे मूळ पाहू. अँटिऱ्हिनम हे युरोपच्या नैर्ऋत्य भागातले, फ्रान्सचा दक्षिण प्रदेश, पिरेनीज पर्वत आणि ईशान्य स्पेन या पट्ट्यातले झाड. खडकांच्या फटींत, जुन्या भिंतींच्या सांध्यांत ते आपोआप उगवते. ग्रीक भाषेत 'अँटि' म्हणजे सारखे आणि 'ऱ्हिस' म्हणजे नाक. नाकासारखे दिसणारे ते अँटिऱ्हिनम. आज चालणारे त्याचे द्विपदी नाव लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या १७५३ च्या ग्रंथातले आहे. हाच ग्रंथ आपल्या दृष्टीने आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या वनस्पतींसाठी लिनियसने ज्या ग्रंथांचा आधार घेतला त्यांत 'हॉर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ होता. १६७८ ते १६९३ या काळात तो आम्स्टरडॅमला छापला गेला. डच अधिकारी व्हान रेडे याने तो सिद्ध केला. पण त्यामागचे ज्ञान मलबारातील वैद्यांचे होते. त्यांपैकी रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तिघे कोचीत स्थायिक झालेल्या कोंकणी समाजातले होते. त्यांनी १६७५ साली आपल्या कामाविषयी दिलेला दाखला नागरी लिपीत आणि कोंकणी भाषेत त्या ग्रंथात छापलेला आहे. म्हणजे युरोपातले हे फूल ज्या ग्रंथात नोंदले गेले, त्याच ग्रंथापर्यंत आपल्या भाषेच्या माणसांची निरीक्षणे पोचली होती. वनस्पतींकडे बारकाईने पाहणे ही आपल्याला बाहेरून शिकावी लागणारी गोष्ट नाही. पेडणे महालात आणि डिचोलीत चतुर्थीची माटोळी बांधणाऱ्या प्रत्येक घराला रानातली डझनावारी फळे, पाने आणि वेली नावानिशी ठाऊक असत, आणि त्या कोणत्या डोंगरावर, कोणत्या ओहोळाकाठी मिळतात तेही ठाऊक असे. ती दृष्टी अजून पुरती गेलेली नाही, तोवर तिचा उपयोग करून घ्यावा.

पाहणे महत्त्वाचे, पण नुसते पाहणे पुरत नाही, मोजावेही लागते, आणि मोजलेल्याचा अर्थ लावावा लागतो. याची एक विलक्षण कथा याच फुलाशी निगडित आहे. अँटिऱ्हिनमच्या फुलाला वरचा ओठ आणि खालचा ओठ असे वेगवेगळे भाग असतात. क्वचित एखाद्या झाडावर मात्र सगळीकडून सारखे, नळीसारखे फूल येते. त्याला पेलोरिक फूल म्हणतात. चार्ल्स डार्विनने अशा झाडाचा साध्या झाडाशी संकर केला. पहिल्या पिढीत सगळी झाडे साध्या फुलांची आली. त्यांच्या बियांपासून झालेली पुढच्या पिढीची १२७ झाडे त्याने मोजली : ८८ साधी, ३७ पेलोरिक आणि २ मधल्या अवस्थेतील. १८६८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने हे आकडे दिले आहेत. आज अकरावी-बारावीचा विद्यार्थीही हे आकडे पाहून म्हणेल की हे तर साधारण तीनास एक असे प्रमाण झाले. ग्रेगोर मेंडेलने वाटाण्यावरचे आपले प्रयोग ब्र्यून येथील सभेत १८६५ साली वाचले होते आणि १८६६ साली ते छापलेही गेले होते. डार्विनच्या टेबलावर आकडे होते. त्यांतला नियम मात्र त्याच्या लक्षात आला नाही. मेंडेलच्या कामाची दखलही जगाने १९०० साली घेतली. पुढे एर्विन बाउर या जर्मन शास्त्रज्ञाने अँटिऱ्हिनमच्या असंख्य जातींवर आयुष्यभर काम केले आणि हे बागेतले फूल आनुवंशिकीचे फूल झाले. फुलाची ती वर-खाली अशी रचना ठरवणारे सायक्लॉइडिया नावाचे जनुक १९९६ साली इंग्लंडमधील संशोधकांनी वेगळे काढले, तेही याच झाडातून. आणि २०१९ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला.

एवढा मोठा इतिहास ज्या झाडाच्या मागे आहे, त्याचे बी बाजारात पुडीत मिळते आणि ते आपल्याकडे उगवते. पण केव्हा आणि कसे, याला नियम आहेत. ते आता सांगतो, कारण माझ्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे.

अँटिऱ्हिनम हे थंडीचे झाड. पुण्याकडे किंवा बेळगावकडे थंडीत रात्री चांगल्या गार होतात, म्हणून तिथे ते सहज फुलते. आपल्याकडे किनाऱ्यावर जानेवारीतही रात्रीचे तापमान २० अंशांच्या आसपास असते आणि दुपारी पारा ३० च्या वर जातो. तेव्हा पुण्याच्या फुलांच्या प्रदर्शनातले कमरेइतके तुरे मोरजीत मिळतील, अशी आशा धरू नये. डिचोली-सत्तरीकडे, डोंगरांच्या कुशीत, रात्री थोड्या अधिक गार असतात. तिथे झाड जास्त खुलते. आपल्याला जो थंडीचा काळ मिळतो तो डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी एवढाच. पेरणीपासून फूल येण्यास साधारण १२ ते १६ आठवडे लागतात. म्हणजे फुले डिसेंबरअखेरीस हवी असतील तर पेरणी सप्टेंबरच्या उत्तरार्धात झाली पाहिजे. पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत निवांतपणे पेरू, असे म्हणणाऱ्याची झाडे ऐन फुलावर येतात तेव्हा मार्च उजाडतो, ऊन तापते आणि तुरे आखूड राहून करपतात. आपल्या शेतकऱ्यांना सरद आणि वायंगण हे दोन हंगाम ठाऊक आहेत. अँटिऱ्हिनम हे वायंगणाचे फूल आहे. परंतु त्याचा तरवा सरदाच्या अखेरीस टाकावा लागतो. हे एकदा ध्यानात धरले की अर्धे काम झाले.

पेरणीच्या वेळी पाऊस चालू असतो, म्हणून पेरणी पडवीत करावी. बी अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये ६,००० हून अधिक बिया बसतात. पाव ग्रॅम बियांत एका शाळेची बाग होऊन वर बिया उरतात. चाळलेली माती, जुने कुजलेले शेणखत आणि नारळाच्या सोडणाचा भुसा समभाग घ्यावा. भुसा अगोदर धुऊन घ्यावा, म्हणजे त्यातला खारटपणा निघून जातो. या मिश्रणावर उकळते पाणी ओतून ते थंड होऊ द्यावे. लहान रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात, त्या रोगाची बुरशी याने बऱ्याच अंशी मरते. पावसाळी हवेत हा रोग हाच पहिला शत्रू आहे. पसरट कुंडी किंवा भोके पाडलेला उथळ डबा भरून पृष्ठभाग सपाट करावा. बिया चिमूटभर बारीक कोरड्या वाळूत मिसळून वरून भुरभुराव्यात. वर माती घालू नये. या बिया उगवण्यास उजेड लागतो; मातीखाली गाडल्या तर बहुतेक रुसून बसतात. तळहाताने हलके दाबले की पुरे. पाणी वरून ओतले तर बिया वाहून एका कोपऱ्यात जमतात. म्हणून पाणी भरलेल्या परातीत कुंडी ठेवावी आणि पृष्ठभाग ओलसर दिसू लागला की उचलून घ्यावी.

१८ ते २२ अंश तापमान उगवणीला उत्तम. आपल्याकडे सप्टेंबरात त्याहून उकाडा असतो, म्हणून पडवीची उत्तरेची, हवा खेळती आणि उजेडाची, पण ऊन न पडणारी जागा निवडावी. आठ ते चौदा दिवसांत हिरवी लव दिसू लागते. लव दाट आली तर चिमट्याने विरळ करावी. ज्याला दया येते त्याची सगळीच रोपे मरतात. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की एकेक रोप पानाला धरून उचलावे, खोडाला धरू नये, आणि करवंटीत किंवा लहान पिशवीत लावावे. करवंटीच्या तळाला भोक पाडायला विसरू नये.

आता जमीन. मोरजीत समुद्रालगतच्या भाटातली जमीन रेताड आहे. तिच्यात पाणी थांबत नाही आणि खतही थांबत नाही. तिथे भरपूर शेणखत घालून वाफा करावा आणि थोडे थोडे पाणी वारंवार द्यावे. जरा वर, जांभ्याच्या तांबड्या मातीत आम्लता असते, आणि या झाडाला आम्लता फार रुचत नाही. तिथे लावणीपूर्वी पंधरा दिवस थोडा चुना किंवा चुलीतली राख मिसळावी. शापोरा नदीच्या काठची खाजनजमीन खारट असल्यामुळे या कामी टाळावी, आणि ज्या विहिरीचे पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होते तिचेही पाणी या वाफ्याला देऊ नये. वाफा जमिनीपेक्षा टीचभर उंच असावा. निचरा हवाच; हे झाड मुळात खडकांच्या फटींतले आहे, हे विसरू नये.

पेडण्याची पुनव झाली, पाऊस नक्की सरला, की ऑक्टोबरअखेरीस रोपे वाफ्यात जातात. बुटक्या जातींना १५ ते २० सेंटिमीटर, उंच जातींना २५ ते ३० सेंटिमीटर अंतर द्यावे. लावणी संध्याकाळी करावी आणि पहिले आठ दिवस चुडतांची सावली करावी. रोप ८ ते १० सेंटिमीटर झाले की शेंडा खुडावा. वाढणाऱ्या रोपाचा शेंडा खुडणे मुलांच्या जिवावर येते. पण खुडलेल्या झाडाला चार-सहा फांद्या फुटतात आणि तितकेच तुरे मिळतात. फुलदाणीसाठी एकच लांब, भरदार तुरा हवा असेल तर मात्र शेंडा तसाच ठेवावा आणि झाडे जवळ जवळ लावावीत. शाळेने निम्म्या वाफ्यात खुडावे, निम्म्या वाफ्यात खुडू नये आणि फरक लिहून ठेवावा. उंच जातींना बांबूच्या कामट्यांचा आधार द्यावा. जात निवडताना उष्णता सोसणारी घ्यावी. 'रॉकेट' ही उंच मालिका त्या बाबतीत बरी मानली जाते. पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर शिंपडू नये. पानांच्या खालच्या अंगाला तपकिरी पुटकुळ्या दिसल्या तर तो तांबेरा; रोगट पाने काढून जाळावीत आणि पुढच्या वर्षी त्याच वाफ्यात हे झाड लावू नये.

डिसेंबरच्या शेवटी पहिले तुरे उमलतात. फुले तुऱ्याच्या खालून वर उमलत जातात. फुलदाणीसाठी तुरा तोडायचा तो खालची एक तृतीयांश फुले उमललेली असताना, सकाळी, दव असतानाच. तोडताक्षणी पाण्यात ठेवावा, खालची पाने काढून टाकावीत आणि घरी आल्यावर देठाचे टोक पुन्हा तिरपे कापावे. तुरा आडवा ठेवू नये. त्याचा शेंडा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वळतो आणि वळला की पुन्हा सरळ होत नाही. पाणी रोज बदलावे. आणखी एक गोष्ट आपल्या घरांसाठी मुद्दाम सांगतो. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि त्याने या फुलांची गळ होते. ज्या खोलीत केळ्यांचा घड पिकायला टांगलेला असेल तिथे ही फुलदाणी ठेवू नये. एवढी काळजी घेतली तर तुरा आठवडाभर टिकतो. फुलदाणी ही आपल्या घरांत उशिरा आलेली वस्तू आहे. देवाला वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते, केसांत माळलेले संध्याकाळी सुकते. फुलदाणीतले फूल मात्र आठ दिवस आपल्यासमोर उमलत राहते, आणि त्याकडे पाहत राहण्याची सवय लावते.

फुलाचे निरीक्षण करायचे तर भुंग्याकडेही पाहावे. अँटिऱ्हिनमचे ओठ मिटलेले असल्यामुळे हलक्या किड्याला आत शिरता येत नाही. जड अंगाचा भुंगा खालच्या ओठावर बसला की त्याच्या भाराने दार उघडते. तो मधासाठी आत डोके घालतो आणि पाठीवर पराग घेऊन बाहेर येतो. ज्या फुलाला पराग मिळाला ते लवकर गळते आणि तिथे बोंड धरते. वाळलेल्या बोंडाला टोकाशी तीन भोके पडतात आणि ते हुबेहूब कवटीसारखे दिसते. मुलांना फुलाइतकाच या कवटीचा आनंद होतो.

आता शाळेच्या प्रयोगाविषयी. तांबड्या आणि पांढऱ्या झाडांचा संकर शाळेच्या वाफ्यात करता येतो. उद्या उमलेल अशी कळी निवडावी आणि तिची पाकळ्यांची नळी हलकेच ओढून काढावी. चारही पुंकेसर नळीलाच चिकटलेले असल्यामुळे नळीबरोबर निघून येतात. उरलेल्या कुक्षीवर दुसऱ्या झाडाचे पराग लावावेत, कागदी पिशवी बांधावी आणि देठाला दोऱ्याने चिठ्ठी बांधावी. बोंडे तपकिरी झाली की उपडी धरून बी कागदावर झाडून घ्यावे. नववीच्या वर्गाने संकर केला तर पहिल्या पिढीची फुले ती मुले दहावीत पाहतील, आणि त्या फुलांच्या बियांपासून झालेली दुसरी पिढी ती अकरावीत असताना मोजता येईल. ज्या चौकोनाला ती बारावीत सामोरी जातील तो त्यांनी वाफ्यात पाहिलेला असेल.

मात्र एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. बाजारातल्या पुडीतले बी बहुधा संकरित असते. त्याच्या झाडांचे बी धरून पेरले तर आईसारखी झाडे येत नाहीत. शिवाय पांढरेपणा एकाच कारणाने येतो असे नाही, आणि रंगावर अनेक जनुकांचा परिणाम होतो. त्यामुळे शाळेत केलेल्या संकरातून पुस्तकातले १ : २ : १ हे प्रमाण येईलच अशी खात्री देता येत नाही. कदाचित पिवळी येतील, कदाचित दोन रंगांची येतील. अशा वेळी वहीत पुस्तकाचे आकडे उतरवण्याचा मोह होईल. तो शिक्षकांनी होऊ देऊ नये. जे आले ते लिहावे, आणि असे का आले असेल याची चर्चा वर्गात करावी. नमुन्याच्या आकड्यांची नक्कल करणारा विद्यार्थी हुशार ठरतो, पण त्याला विज्ञान भेटत नाही.

बी साठवण्याचा प्रश्न आपल्या हवेत मोठा आहे. मार्चमध्ये धरलेले बी सप्टेंबरपर्यंत टिकवायचे म्हणजे संपूर्ण पावसाळा ओलांडायचा. घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भाजून थंड केलेले तांदूळ किंवा कोरडा कोळसा घालावा, आणि त्यावर बियांच्या कागदी पुड्या ठेवाव्यात. आपल्या आजी-पणजींनी भाताचे बियाणे मुडीत बांधून ठेवले आणि मिरचीचे बी राखेत घोळवून जपले, त्यामागचे तत्त्व हेच होते : ओल दूर ठेवा.

इथे मला वाटणारी चिंता आपल्यासमोर मांडतो. मोरजी आता पूर्वीची मोरजी राहिलेली नाही. २००२ साली शिवोली-चोपडे पूल झाला, २०२३ च्या आरंभी मोपा विमानतळ वाहतुकीस खुला झाला, आणि किनाऱ्याच्या जमिनीचे मोल तिच्यात काय पिकते यावरून ठरेनासे झाले. त्याचे बरेवाईट ठरवण्याची ही जागा नव्हे. अनेक घरांना त्यातून चार पैसे मिळाले, हेही खरे आहे. परंतु बागा वाढल्या आणि बागकाम जाणणारे हात कमी झाले, हे विपरीत आहे. हॉटेलांच्या अंगणांतली फुललेली रोपे घाटावरून काळ्या पिशव्यांतून येतात, फुले सरली की फेकली जातात आणि नवी येतात. ज्या गावात तरवा काढणे, मिरची-वांग्याची रोपे करणे हे प्रत्येक घरच्या बाईला येत होते, त्या गावात रोप ही विकत आणण्याची वस्तू झाली आहे. बी पेरणे, वाट पाहणे, विरळणी करणे, खुडणे आणि बी धरून ठेवणे ही विद्या एका पिढीत वापरली गेली नाही तर पुढच्या पिढीला ती पुस्तकातून शिकावी लागते, आणि पुस्तकातून ती नीट येत नाही. अँटिऱ्हिनम परदेशी आहे, त्याने आपली अबोली किंवा झेंडू मागे पडावा असे मी सुचवत नाही. ज्या हाताला हे बारीक बी उगवता येईल त्याला हरमलच्या मिरचीचे रोप करणे सोपे जाईल, एवढेच मी म्हणतो. आणि ज्या घरी मिरचीचा तरवा अजून काढला जातो, तिथल्या आजीला शाळेने वाफ्यावर बोलवावे. तिला अँटिऱ्हिनम हे नाव ठाऊक नसेल. विरळणी कधी करावी ते ती शिक्षकांपेक्षा चांगले सांगेल.

या गावाला मोजण्याची आणि राखण्याची सवय नवी नाही. तेंबवाड्याच्या किनाऱ्यावर दर हिवाळ्यात सागरी कासवे अंडी घालायला येतात, त्यांच्या घरट्यांचे राखण होते आणि त्यांची मोजदाद वनखात्याकडे ठेवली जाते. त्याच महिन्यांत शाळेच्या वाफ्यात ही फुले उमलतील. तेव्हा माझी विद्यालयाला विनंती अशी आहे की बारा फूट लांब आणि चार फूट रुंद असा एक वाफा या कामासाठी कायमचा राखावा आणि त्याबरोबर एक जाड, बांधीव वही ठेवावी. दरवर्षी त्या वहीत चार तारखा लिहाव्यात : बी कधी पेरले, कोंब कधी दिसला, रोपे वाफ्यात कधी गेली आणि पहिले फूल कधी उमलले. त्याखाली शेवटच्या पावसाची तारीख, आणि एक साधा तापमापक लावून रोज पहाटे घेतलेले तापमान. दहा-पंधरा वर्षांनी त्या वहीतून मोरजीचा हिवाळा लांबतो आहे की आखडतो आहे, हे आपल्याच मुलांच्या हस्ताक्षरात वाचता येईल. असा दस्तऐवज विकत मिळत नाही. माजी विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षीचे बी, तापमापक आणि वही यांची जबाबदारी घेतली तर खर्च एका छोट्या हारापेक्षा अधिक येणार नाही.

शेवटी गुरुजींविषयी एक वाक्य. शिक्षकाच्या कामात पेरणारा एक असतो आणि फूल मोजणारा बहुधा दुसराच असतो. नववीत संकर करणारा विद्यार्थी अकरावीत दुसऱ्या गावी गेला तर त्याची झाडे मागचा वर्ग मोजील. म्हणून वहीत लिहिताना अक्षर स्वच्छ असावे आणि तारीख अचूक असावी, म्हणजे मागून येणाऱ्याची अडचण होणार नाही. येत्या चतुर्थीची माटोळी उतरली की या विद्यालयाच्या पडवीत बियांची पुडी उघडली जावी, अशी इच्छा व्यक्त करतो.